शेवटच्याने बोराटी लावायची

पडेगावच्या पुढे दौलताबादचा रस्ता सोडून आत वळलं की एक निळी पाटी लागते. पाटीवर पांढऱ्या रंगात सायकल काढली आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘सायकल पर्यटन मार्ग’. मी जेव्हा जेव्हा तिथे जाते तेव्हा त्या पाटीखाली एक तरी मोटार उभी असते. दारं सताड उघडी, आत गाणी लावलेली, बोनेटवर वेफर्सच्या पुड्या मांडलेल्या, आणि माणसं निसर्ग बघत असतात. सायकल फक्त पाटीवर. ती पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. ते मुळातच फारसं जागेवर नसतं, असं माझ्या घरचे सांगतील, पण या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेणार नाही.

त्या जागी पाणंद होती. दोन्ही बाजूंना शेतांचे बांध आणि मधून एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. पाणंद खाली नदीपर्यंत उतरायची. नदी आपली म्हणायची, आठ महिने ती ओढाच असते. दगडांवरून सायकल उचलून पलीकडे नेली की चढ सुरू व्हायचा, सीताफळीच्या झुडपांमधून खिंडीपर्यंत. खिंडीत उभं राहिलं की मागे किल्ला दिसायचा आणि पुढे दुसरं खोरं, आणि तिथून पुढेही गाडीवाटा निघायच्या, गावामागून गाव, शिवना नदीच्या काठापर्यंत. या सगळ्या वाटेवर मोटार नावाची वस्तू नव्हती. मोटारींना कोणी मनाई केली नव्हती. तिथे जाणं त्यांना परवडत नव्हतं, इतकंच.

मोटारींची मला लहानपणापासून चीड आहे असं मात्र नाही. माझे वडील शिक्षक होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर खेड्यापाड्यांत मराठी शाळा निघू लागल्या तेव्हा त्यांची नेमणूक वैजापूरकडच्या एका गावात झाली. ते शिवनेच्या काठाकाठाने गाडीवाटेवरून सायकलवर शाळेत जायचे. त्या सायकलला आम्हा भावंडांपैकी भावांनी हात लावलेला चालायचा, आम्ही बहिणींनी फक्त फडक्याने पुसायची. पोरींना सायकल कशाला, पडली-बिडली तर लग्नाला अडचण. सायकलची धूळ पुसत मी लहानाची मोठी झाले, लग्नही झालं, पण सायकल काही आली नाही.

ती आली नोकरी संपायच्या बेताला, आणि आपामुळे. आपा आणि मी टेलिफोन ऑफिसात एकाच रांगेत बसून आयुष्यभर लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. ती माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी. तिच्या घरचे, ऑफिसातले, सगळेच तिला आपा म्हणायचे, मीही म्हणू लागले. कामावर असतानाच तिचे कान हळूहळू गेले. डॉक्टर म्हणाले, नस सुकली आहे, यंत्र लावून फरक पडणार नाही. गावभरच्या लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचायची पाळी आली. मी तिच्यासाठी हळहळायला लागले की ती मला गप्प करायची. बोलण्यात आता मजा राहिली नाही तर पाय तरी चालवू, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा साखरेचा आजार निघाला होता आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. झालं, दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बायकांनी सायकल शिकायचं ठरवलं.

शहरातल्या मैदानावर शिकायची सोय नव्हती. आम्ही पडलो असतो ते सहन केलं असतं, पण बघायला जमलेली गर्दी सहन झाली नसती. आपाचं घर पडेगावात. तिच्या घरासमोरचा मोठा रस्ता ओलांडला की थोड्याच अंतरावर ही पाणंद. तिथे बघायला बैल, शेळ्या आणि टिटव्या. ती हसत नाहीत. आम्ही तिथे शिकलो, तिथेच पडलो, गुडघे फोडून घेतले आणि कोणालाही न सांगता घरी गेलो.

आपाचा मुलगा वाळूजला कारखान्यात होता. आई सायकल चालवते म्हटल्यावर तो आधी हसला आणि मग काळजीत पडला. तिला मागून आलेलं काही ऐकू येत नाही, हे तो कसा विसरेल? त्याने एक अट घातली. मोठ्या रस्त्यावर पायी, सायकल हातात धरून, माझ्या सोबतीने. पाणंदीत काय करायचं ते करा. पण पाणंदीत ज्या दिवशी एक जरी गाडी दिसली त्या दिवशी सायकल गच्चीवर जाईल. आपाने अट लगेच मान्य केली. पाणंदीत गाडी कुठून येणार?

पाणंदीत दोन ठिकाणी बोराट्या होत्या. बोरीच्या काटेरी फांद्या एकात एक अडकवून वाटेवर आडव्या लावतात, म्हणजे मोकाट गुरं पिकात शिरत नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही पहिली बोराटी बाजूला सारली आणि तशीच पुढे निघालो. शंभर पावलंही गेलो नसू, मागून कोणीतरी शिव्या देत आलं. तो त्या बांधावरचा शेतकरी, ज्याला आम्ही पुढे मामा म्हणायला लागलो. कांद्याचं रान त्याचं. त्याने आम्हाला उभ्या उभ्या झापलं. रीत साधी होती, आणि ती त्याच्या आजापासूनची होती. बोराटी उघडायची पहिल्याने आणि लावायची शेवटच्याने. मागून कोणी येताना दिसत असेल तर त्याच्यासाठी थांबायचं, नाहीतर लावूनच पुढे जायचं. मी शहरी तोऱ्यात काहीतरी उत्तर शोधत होते. आपाला त्याचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण त्याचे हात बघून तिला सगळं कळलं. ती मागे गेली, फांद्या ओढून जशा होत्या तशा लावल्या आणि रक्ताळलेली बोटं तोंडात धरून परत आली. पुढच्या रविवारी तिने मुलाच्या कारखान्यातला कातड्याचा एक हातमोजा आणला. तो तिच्या कॅरिअरला कायमचा बांधलेला असायचा.

तेव्हापासून बोराटी उघडणारी मी आणि लावणारी आपा. मी कधी म्हटलं, आज मी लावते, तर ती मला हाताने पुढे ढकलायची. का, ते तिने एकदा खिंडीत बसून रोटी-अंडं खाताना सांगितलं. माझा उपवास होता, मी शेंगदाणे खात होते.

“आखरी में मैंच रहूँगी,” ती म्हणाली. “बोराटी लगाई, मतलब पीछे कोई नै. फिर मुझे मुड़-मुड़ के देखना नै पड़ता.”

एवढं साधं होतं ते. ऐकू येणाऱ्या माणसाला हे सुचणारच नाही. घरात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे तिला सतत मागे बघावं लागायचं, कोण आलं, कोणी हाक मारली का. पाणंदीत बोराटी लावली की तिची पाठ मोकळी व्हायची. ती वाटेच्या मधोमध, मान ताठ ठेवून, गुणगुणत सायकल चालवायची. सूर साफ चुकलेले असायचे, तिला ते कळत नव्हतं आणि मी कधी सांगितलं नाही.

आणि पाणंदीतली माणसंही शहाणी. आपाला ऐकू येत नाही हे महिन्याभरात सगळ्या बांधांवर कळलं. मधल्या एखाद्या रानातून तिच्या मागे बैलगाडी आली तर गाडीवान हाका मारायचा नाही. तो बैलांचा कासरा ओढून तिच्या मागोमाग सावकाश चालायचा, पुढची बोराटी येईपर्यंत. तिथे ती थांबायचीच. मग त्याला बघून ओशाळायची, बोराटी धरून ठेवायची, तो पुढे जायचा. कामाची घाई त्यालाही असणारच. पण त्याबद्दल कोणाच्या कपाळावर आठी मी बघितली नाही.

अशा आम्ही वर्षानुवर्षं फिरलो. खिंडीपलीकडे, पुढच्या खोऱ्यात, तिथून पुढे. एकदा तर मुक्काम करत करत पार शिवनेच्या काठाने वैजापूरकडे, वडील ज्या वाटेने शाळेत जायचे तिथवर गेलो. चढ आला की उतरून सायकली ढकलायच्या, उतार आला की पाय सोडून द्यायचे. गावागावातल्या बायका विचारायच्या, कुठल्या देवाला निघालात? देवाला नाही, अशाच निघालो, म्हटलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही. त्या पाणी द्यायच्या, बसायला पोतं टाकायच्या. वडिलांच्या वाटेवर सायकल चालवताना मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. आपाने विचारलं नाही. तिला दिसलं होतं.

मग शहरातल्या हौशी सायकलवाल्यांना ही वाट सापडली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. चांगली पोरं-पोरी होती, बोराटी लावून जायची. पण त्यांनी फोटो काढले, फोटो फोनाफोनांवर फिरले, आणि कुठल्याशा खात्यातल्या कोणाला तरी वाटलं की याचा विकास झाला पाहिजे. आपल्याकडे जी गोष्ट कुणाला न विचारता बरी चाललेली असते तिच्यावर विकासाची नजर पडतेच. एका सकाळी तिथे मंडप, सतरंजी आणि फीत. सायकल मार्गाचं उद्घाटन. पाहुणे येणार.

पाहुणे मोटारींतून आले. सायकल मार्गाच्या उद्घाटनाला. आता यावर मी काय बोलू?

पण खरी चूक त्या दिवशी पाहुण्यांच्या हातून झाली नाही. ती मामाच्या हातून झाली, आणि अशी चूक फक्त आमच्याकडची माणसंच करू शकतात. आदल्या संध्याकाळी मामाने आणि आसपासच्या चार-पाच जणांनी मिळून दोन्ही बोराट्या काढून टाकल्या. पाणंद झाडून घेतली, दगड वेचले, नदीतल्या दगडांवर मुरूम टाकून उतार केला. दारी पाहुणा येणार, त्याला काट्याला हात लावायला लावायचा? ते शोभतं का? आजापासूनची रीत त्यांनी एका दिवसासाठी बाजूला ठेवली, उद्या परत लावू म्हणून. पाहुण्यांच्या मोटारी आजवर जिथे बैलगाडी-सायकलीखेरीज चाक फिरलं नव्हतं तिथून थेट नदीपलीकडे गेल्या. भाषणात कोणीतरी म्हणालं की, ही वाट आता सर्वांना खुली झाली. टाळ्या पडल्या. मामानेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बोराट्या परत लागल्या. तिसऱ्या दिवशी त्या नाल्यात पडलेल्या होत्या. रविवारी तर मोटारींची रांग. मग डांबर आलं. मग ही निळी पाटी आली. नदीपलीकडे प्लॉट पडले, फार्म हाऊस उठली, नावं इंग्रजीत. मामा बोराटी लावत राहिला, लोक फेकत राहिले, गुरं कांद्यात शिरत राहिली. त्याला तोंडी समज आली की हा आता सरकारी रस्ता आहे, अडवशील तर गुन्हा दाखल होईल. ज्या वाटेला त्याच्या तीन पिढ्यांनी काटे टोचून घेत जपलं ती वाट अडवल्याचा गुन्हा त्याच्यावर. मी हे ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येत नाही.

आपाला मी म्हटलं, आता बंद करू. तिने नाही म्हणून मान हलवली. रविवार सोडून आडवारी, पहाटे उजाडता उजाडता जाऊ, तेव्हा कोण येतं? मुलाला तिने मोटारींबद्दल सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. मामा रोज पहाटे बोराटी लावायचाच, निदान ती फेकली जाईपर्यंत तरी. अशाच एका सकाळी आम्ही खिंडीतून परत येत होतो. मामाच्या रानाजवळची बोराटी लावलेली होती. मी उघडली, पुढे झाले. आपाने हातमोजा घातला, नीट लावली, दोनदा ओढून बघितली, आणि सायकलवर बसली. ती शेवटची होती. तिच्या मागे कोणी नव्हतं. ती मधोमध चालवू लागली आणि गुणगुणायला लागली.

मी थोडी पुढे होते. हॉर्न ऐकून मी वळले. आपाच्या मागे एक पांढरी मोठी गाडी होती आणि ती हॉर्नवर हॉर्न वाजवत होती. आपा रमतगमत चालली होती. मी ओरडले. कोणासाठी ओरडले, देव जाणे. ती मान ताठ ठेवून तशीच येत होती, मला बघून हसली. गाडीवाल्याचा धीर सुटला आणि त्याने बाजूने गाडी घातली. त्याच्या आरशाचा फटका तिच्या कोपराला बसला आणि ती सायकलसकट मामाच्या बांधावर पडली.

मी पोचेपर्यंत तो उतरला होता. चाळिशीचा, पांढरे बूट. “केव्हाचा हॉर्न वाजवतोय,” तो म्हणाला. “बहिरी आहे का ही बाई?”

“हो, बहिरी आहे,” मी म्हणाले. “आणि ती लावलेली बोराटी तुम्हाला दिसली नाही, तुमचं काय?”

आपा बांधाला टेकून बसली होती. डावं मनगट वेगळंच दिसत होतं. तिला आमच्यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. ती आमच्याकडे बघतही नव्हती. ती गाडीच्या बंपरकडे बघत होती. तिथे बोरीची एक हिरवी फांदी अडकलेली होती. पाचेक मिनिटांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने लावलेली. तिने त्या माणसाकडे मान वर करून बघितलं आणि सासरच्या माणसाशी बोलावं इतक्या अदबीने विचारलं, “भाई, पीछे बोराटी लगा के आए ना? प्याज में जानवर घुसते.”

“काय लावून?” तो माणूस मला म्हणाला.

मनगट मोडलेल्या बाईला मामाच्या कांद्याची काळजी, आणि याला बोराटी म्हणजे काय ते माहीत नाही. याच्यासाठी डांबर टाकलं होतं. याच्यासाठी पाटी लावली होती.

मनगट जुळलं. सायकल मात्र गच्चीवर गेली. मुलगा मला रागावला नाही, आवाजही चढवला नाही. “खाला, एकीच शर्त थी ना मेरी,” एवढंच म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडायला हवं तो पांढरी गाडी घेऊन केव्हाच निघून गेला होता.

मामा आपाला बघायला आला, गोणीभर कांदे घेऊन. तिच्यासमोर त्याला बोलवेना, म्हणून बाहेर अंगणात मला म्हणाला, “ताई, म्याच काढली व्हती ती बोराटी. लई मोठी माणसं येनार म्हून. तेवा नसती काढली तर आज हे झालं नसतं. आपाला सांगा.”

मी आत येऊन आपाला सावकाश, ओठ नीट दिसतील असं सांगितलं. तिने ऐकलं, म्हणजे बघितलं. “मेहमान के वास्ते निकाली उसने,” ती म्हणाली. “उसमें उसका क्या गुनाह? मेहमान को समझना था ना.” मग ती आत गेली आणि कातड्याचा हातमोजा घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवला. “अब आखरी तू है.”

आता मी एकटी जाते. पहाटे नाही, चांगल्या उजेडात, रविवारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मामाच्या रानातून बोरीच्या फांद्या ओढून आणते आणि त्या निळ्या पाटीच्या खाली, डांबरी रस्त्यावर, या बांधापासून त्या बांधापर्यंत बोराटी लावते. मामाला मी हात लावू देत नाही. गुन्हा दाखल व्हायचा तर माझ्यावर होऊ दे, मी माझं नाव, पत्ता, निवृत्तीची तारीख सगळं सांगेन. लावून झालं की तिथल्या दगडावर पाठमोरी बसते. हातमोजा मांडीवर.

मोटार येते. हॉर्न वाजतो. मी वळत नाही. परत वाजतो, लांबलचक, मग दार उघडल्याचा आवाज, मग माणसाचा. बाई, ओ बाई, ऐकू येत नाही का, बहिरी आहे का ही? मला सगळं ऐकू येतं, शब्दन् शब्द. मी नदीकडे बघत बसते. त्याने उतरावं, काट्याला हात लावावा, उघडावी आणि पलीकडे जाऊन परत लावावी. तेवढं येत असेल तर खुशाल जावं. नसेल येत तर माझ्या मांडीवरचा हातमोजा मागून घ्यावा, मी देईन. आजवर एकानेही मागितलेला नाही.